नावनचे बुटके टोमॅटो

सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या आणि वीस महिने राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये डब्लिनला उतरल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत दोन किलो शेंगदाण्याचं कूट होतं, एकच स्वेटर होता आणि एप्रिलचं परतीचं तिकीट होतं. मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. तिकीट रद्द झालं, पुढे कधी विमानंच नसायची, कधी तिकडे साथ वाढलेली असायची, कधी इकडे. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे त्याला रोज जावंच लागायचं. मी एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर, ती आता घरातूनच. वरच्या चिमुकल्या खोलीत हेडफोन लावून मी दिवसभर लोकांच्या गळक्या छपरांच्या तक्रारी ऐकायची आणि खाली सासूबाई एकट्या.

सत्तरीच्या पुढच्या लोकांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही असा इथल्या सरकारचा आदेश होता. त्याला त्यांनी शब्द काढला होता 'ककूनिंग', म्हणजे कोशात राहणं. सासूबाईंना मी तो अर्थ समजावून सांगितला.

"म्हंजी किडा व्हायचं," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर जुन्नरकडचं. लग्नानंतरचं घरही माहेरापासून चार मैलांवर. माहेरी टोमॅटोचं पीक, आणि धाकटा भाऊ अजून ते घेतो. हंगामात या रोज त्याच्या शेतावर हजर. पहाटे तोडणी, क्रेट भरणं, गाडी बाजारात जाईपर्यंत आरडाओरडा. अशा बाईला डब्लिनपासून तासाभरावरच्या नावन गावातल्या आमच्या घराच्या खिडकीत बसवून समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघायला लावणं म्हणजे शिक्षाच होती.

तर एके दिवशी कोशिंबिरीसाठी टोमॅटो चिरता चिरता त्यांनी एकाच्या बिया बोटाने काढून टिश्यूपेपरवर पसरल्या. दोन दिवसांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, मागच्या अंगणातली माती भरली आणि बिया पेरल्या.

"आई, हे दुकानातले टोमॅटो. काचघरात वाढलेले. इथल्या हवेत नाही यायचे," मी म्हटलं. मला शेतीतलं काहीही कळत नव्हतं, पण इथली हवा मला सहा वर्षं माहीत होती.

"बी हाय ना? मग रुजंल."

आणि रुजलंच. खिडकीतली रोपं उजेडाच्या शोधात काचेला नाक लावून हातभर लांब, फिकी आणि लुळी झाली. मे महिन्याच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी सासूबाईंनी ती अंगणात लावली. तीन दिवसांनी सकाळी गवतावर दव गोठून पांढरं पडलं होतं आणि निम्मी रोपं उकडलेल्या पालकासारखी आडवी झाली होती. उरलेली मात्र सुसाट वाढली. जुलैपर्यंत त्यांनी कुंपणाची उंची गाठली. सासूबाई गावाकडच्या पद्धतीने रोज त्यांचे फुटवे खुडायच्या, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून जी फूट निघते ती. मग झाड सरळ वर जातं. सुतळी मिळेना म्हणून माझ्या जुन्या लेगिंग्जच्या पट्ट्या कापून त्यांनी झाडं काठ्यांना बांधली. शेजारीण कुंपणापलीकडून हे सगळं बघायची.

या शेजारीणबाईंची ओळख करून द्यायला हवी. वय पंचाहत्तरच्या आसपास, चालणं ताठ, आवाज रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. तीस वर्षं त्यांनी या भागात सायकलवरून आणि नंतर गाडीतून टपाल वाटलं होतं. आता निवृत्त, एकट्या, आणि आमच्या सासूबाईंसारख्याच कोशात. आम्ही चार वर्षं शेजारी होतो आणि 'हवा छान आहे' किंवा 'हवा वाईट आहे' याच्यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं.

झाडांना फुलं आली ऑगस्टमध्ये. सप्टेंबर अर्धा संपला तरी फळं हिरवीगार आणि दगडासारखी. सासूबाई रोज सकाळी जाऊन बघायच्या आणि येऊन नुसत्या मान हलवायच्या. मग एकदा टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांत बटाट्यावरच्या करप्याचा इशारा दिला. इथे तो देतात, पावसाच्या अंदाजाबरोबरच. मी तो सासूबाईंना सांगितला तर त्या ताडकन सरळ बसल्या.

"करपा? बातम्यांमधी करपा सांगत्यात? आरं, हे तर शेतकऱ्यांचं राज्य हाय!"

या देशाबद्दल त्यांनी उच्चारलेला हा पहिला चांगला शब्द. दुर्दैवाने इशारा खरा ठरला. चार दिवस कोमट, दमट पाऊस पडला आणि पाचव्या दिवशी पानांवर तपकिरी डाग दिसले. बटाट्याचा रोग टोमॅटोलाही धरतो. सासूबाईंनी डाग पाहिले मात्र, टोपली मागितली आणि डाग न पडलेली झाडून सगळी हिरवी फळं तासाभरात उतरवली. झाडं उपटून काळ्या पिशवीत भरली. हळहळ वगैरे काही नाही. संध्याकाळी घरात हिरव्या टोमॅटोच्या चटणीचा खमंग वास, लसूण, मिरची आणि त्यांनी आणलेलं शेवटचं कूट.

एक बरणी मी शेजारीणबाईंसाठी कुंपणावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बरणी धुऊन परत आली आणि त्यांची हाकही आली.

"चटणी ग्रँड आहे. रात्री चीजबरोबर अर्धी संपवली, डोळ्यांतून पाणी आलं. पण तुझ्या सासूला सांग, ती चुकीचे टोमॅटो लावते आहे."

मी हे शक्य तितकं मऊ करून भाषांतर केलं. तरी सासूबाईंच्या भुवया वर गेल्याच. "मला? टोमॅटो? ही शिकवनार?"

"इथे उन्हाळा आखूड," शेजारीणबाई हातांनी दाखवत म्हणाल्या. "तुमचं झाड सगळा उन्हाळा उंच होण्यात घालवतं. फळ धरायची वेळ येते तेव्हा हवा संपलेली असते. तुम्हाला पाहिजे झुडपी जात. गुडघ्याएवढी होते, थांबते आणि मुकाट्याने फळं देते."

टपाल वाटताना दर जानेवारीत बियाण्यांचे कॅटलॉग म्हाताऱ्या लोकांच्या दारात टाकता टाकता त्यांनाच ते वाचायचा नाद लागला होता. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा सगळं बंद होतं, कुणाच्या घरी जायला बंदी, पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी. त्या महिन्यात त्यांनी आपला कॅटलॉग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुंपणावरून आमच्याकडे दिला. आत टोमॅटोच्या पानांवर पेनाने खुणा केलेल्या.

तो आठवडा आम्ही टोमॅटो निवडण्यात घालवला. मला वाटायचं, बी निवडणं म्हणजे चित्र बघून आवडेल ते घेणं. सासूबाई चित्राकडे बघतच नव्हत्या. "दिवस किती लिवल्यात ते वाच," एवढंच म्हणायच्या. रोप बाहेर लावल्यापासून पहिलं फळ लाल व्हायला किती दिवस, ते कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं. सर्वांत कमी दिवसांच्या जाती बहुतेक बारीक फळाच्या निघाल्या.

"ही बोरं हायेत. आमटीत काय घालू, बोरं?"

मी कुंपणाशी जाऊन विचारलं. उत्तर आलं, "फळ जितकं लहान तितकं लवकर पिकतं. दहा मोठे हिरवे पाहिजेत की शंभर छोटे लाल?" मी आत येऊन सांगितलं. सासूबाईंनी विचार केला. मग मला परत पाठवलं, "तिला इचार, मधलं काही हाय का."

शेवटी तह झाला तो असा. एक जात बोराएवढ्या लाल फळाची, सगळ्यांत लवकर येणारी. एक मध्यम गोल फळाची, थंड प्रदेशात काढलेली, जी गारव्यातही फळ धरते असं लिहिलं होतं. आणि एक लांबट, गराची, आमटीसाठी. ती उशिरा येणारी, पण सासूबाईंचा हट्ट. तिन्ही झुडपी. नवऱ्याने लॅबमधून आल्यावर ऑर्डर टाकली. सगळा देश त्या काळात बागकाम करत होता, त्यामुळे पाकिटं यायला तीन आठवडे लागले.

पेरलं मार्चच्या मध्यावर. "एवढ्या उशिरा?" मी म्हटलं. मागच्या वर्षीपेक्षा जेमतेम आठवडाभरच आधी होतं ते. शेजारीणबाई म्हणाल्या, "लवकर पेरलं तर रोप खिडकीत म्हातारं होतं." उगवायला ऊब हवी, आणि ती होती आमच्या हॉट प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते ते हॉट प्रेस. सगळ्या घरांत टॉवेल तिथेच ठेवतात. आम्ही टॉवेलांच्या वर ट्रे ठेवला. सहाव्या दिवशी नवरा बाथरूममधून ओरडला, "माझ्या टॉवेलात माती का आहे?" त्याच्या ओरडण्यामुळेच आम्हाला कळलं की कोंब आले आहेत. कोंब दिसले की त्याच दिवशी उजेडात आणायचे, नाहीतर अंधारात ते दोऱ्यासारखे लांबतात.

या वेळी रोपं शहाण्यासारखी वागली. खिडकीत रोज ट्रे फिरवायचा म्हणजे ती एका बाजूला वाकत नाहीत. जाता-येता त्यांच्यावरून हात फिरवायचा, त्याने खोड दणकट होतं. मी दोन कॉलच्या मध्ये खाली यायची आणि हात फिरवून वर जायची. टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास दिवसभर माझ्या बोटांना आणि हेडफोनला. एप्रिलमध्ये आम्ही ती मोठ्या कुंड्यांत हलवली, पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडून, कारण गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. हे मात्र सासूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी कुंपणापलीकडे तसं हातवाऱ्यांनी सांगितलं आणि पलीकडून अंगठा वर झाला. मे महिन्यात रोपं दिवसा बाहेर, संध्याकाळी आत. थंडीची सवय लावायला. बारा रोपं, रोज दोन फेऱ्या.

मे महिन्यातच जुन्नरहून फोन आला. सासूबाईंचा धाकटा भाऊ, तोच तो टोमॅटोवाला, आठ दिवसांपासून आजारी होता. ऑक्सिजन मिळतोय, बरा आहे, असं भाचा सांगत होता. त्या दिवशी सकाळी सांगितलं की गेले.

जाणं शक्यच नव्हतं. सासूबाई तिथे असत्या तरी त्यांना जवळ जाऊ दिलं नसतं. भाच्याने सांगितलं, दुपारी साडेतीनला, म्हणजे आमच्याकडे अकराला, तो अंत्यविधी लांबून फोनवर दाखवेल. सकाळी रोपं बाहेर काढायला कुणी गेलं नाही म्हणून शेजारीणबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "सगळं ठीक ना?" मी जाऊन सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता?"

अकराला आम्ही तिघं जमिनीवर बसलो, मध्ये फोन उभा करून. चित्र हलत होतं, बराच वेळ नुसती एक भिंत आणि आकाश दिसत होतं. सासूबाई रडत नव्हत्या. हात जोडून बसल्या होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी मध्येच मान वर करून खिडकीबाहेर बघितलं. आमच्या फाटकाबाहेर, फुटपाथवर, शेजारीणबाई उभ्या होत्या. काळा कोट, काळे बूट, हात पुढे बांधलेले. त्यांच्यापासून चार हात अंतरावर समोरच्या घरातलं जोडपं, आणि पलीकडे आणखी दोघं, ज्यांची मला नावंही माहीत नव्हती. त्या काळात इथे अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी असायची, म्हणून बाकीचे लोक शवगाडीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभे राहायचे. आमच्याकडे ना गाडी होती ना रस्ता. तरी ते आले होते.

मी सासूबाईंच्या खांद्याला हात लावला आणि बाहेर बोट दाखवलं. त्या उठून खिडकीशी गेल्या. शेजारीणबाईंनी मान लववली. सासूबाईंनी काचेतून हात जोडले, आणि मग त्या रडल्या, चांगल्या मोठ्याने, नवऱ्याने धरून ठेवेपर्यंत.

बाहेरचे लोक अर्धा तास उभे होते. नंतर दाराशी एक ॲपल टार्ट आणि सँडविचचा डबा सापडला. हॅमची सँडविच होती. ती नवऱ्याने खाल्ली.

पुढचे दहा दिवस सासूबाईंनी रोपांकडे पाहिलं नाही. आत-बाहेर मीच करत राहिले. मेच्या शेवटी शेजारीणबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "आता बाहेर लावा. उशीर केला तर कुंडीतच फुलं धरतील." मी हे आत जाऊन सांगितलं. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि दक्षिणेकडच्या भिंतीला लागून दोन दोन हातांवर खड्डे घेतले. भिंत दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी परत देते. खाली पेंढा पसरला, कारण झुडपाची फळं जमिनीला टेकतात आणि सडतात. काठ्या नाहीत, बांधणी नाही. लेगिंग्ज वाचल्या.

जूनच्या मध्यावर एका दुपारी मी एका काकांशी त्यांच्या फुटलेल्या पाइपाबद्दल बोलत होते आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर सासूबाई भिंतीशी उकिडव्या बसलेल्या, शेजारीणबाई कुंपणावर ओणव्या होऊन दोन्ही हात हलवताहेत, "नो, नो, नो! लीव्ह देम!" मी त्या काकांना 'एक मिनिट' म्हणून होल्डवर टाकलं आणि जिना दोन उड्यांत उतरले.

सासूबाईंनी बारापैकी पाच झाडांचे फुटवे साफ खुडले होते. बोटं काळी-हिरवी. झुडपी जातीत फळं त्या फुटव्यांच्याच टोकाला येतात. ते खुडणं म्हणजे पीकच खुडणं.

"आई, या झाडांचे फुटवे काढायचे नसतात. त्यांनी सांगितलं होतं आपल्याला."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. हातातल्या फुटव्यांकडे बघत राहिल्या. "बसले व्हते आन् हात गेला. लहानपनी आम्ही दोघं बहीन-भाऊ सऱ्या वाटून घ्यायचो. ही माझी, ती त्याची. कोन आदी संपवतो. तेच चाललं व्हतं डोक्यात."

मी ते शेजारीणबाईंना सांगितलं. त्यांनी हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "तिला सांग, मला ओरडायला नको होतं. तीस वर्षं कुत्र्यांवर ओरडून आवाजच असा झालाय."

हे मात्र मी शब्दशः भाषांतर केलं. सासूबाई हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदा. त्या काकांचा पाइप तोवर होल्डवरच होता आणि परत गेल्यावर मी त्यांची इतकी माफी मागितली की तेच माझी समजूत घालू लागले.

पहिला टोमॅटो लाल झाला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बोराएवढ्या जातीचा. ऑगस्टमध्ये तर रोज वाडगाभर. न खुडलेली सात झाडं फळांनी बसून गेली. खुडलेल्या पाचांना जेमतेम मूठभर. सासूबाई एका रविवारी दोन्हींच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हितलं झाड येडं हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं त्याला करू द्यायचं. आपन हात लावायचा न्हाई."

अंगणात बसायला तोवर परवानगी मिळाली होती. शेजारीणबाई पहिल्यांदा आमच्या फाटकातून आत आल्या, बरोबर पाव आणि लोणी घेऊन. टोमॅटो खायची त्यांची रीत एकच: पावाला लोणी, वर कापलेला टोमॅटो, भरपूर मीठ. सासूबाईंनी एक घास खाल्ला, चावत विचार केला, आत गेल्या आणि लसणाची लाल चटणी घेऊन आल्या. शेजारीणबाईंनी ती चाखली, खोकल्या, पाणी प्यायल्या आणि दुसऱ्या पावाला स्वतःच्या हाताने लावली. दोघी तासभर बोलत होत्या, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. मी भाषांतराला सुरुवात केली तर सासूबाई म्हणाल्या, "तू र्‍हाऊ दे. तुजं काम बघ."

लांबट, आमटीचे टोमॅटो सगळ्यांत शेवटी आले, पण आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची आमटी झाली. आंबट, दाट, वरून कोथिंबीर. सासूबाईंनी ती ओरपली आणि वाटी पुन्हा पुढे केली, यावरून आम्ही समजलो की जमली. त्याच महिन्यात त्यांना दोहामार्गे तिकीट मिळालं. विमानतळावर जायच्या सकाळी त्या शेजारीणबाईंच्या दारात गेल्या. आत काय झालं मला माहीत नाही. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा अंगावर त्यांचा स्वतःचा स्वेटर नव्हता, दुसराच होता, जाड, पांढऱ्या लोकरीचा, कोपरापर्यंत दुमडलेला.

"जुन्नरात कुठे घालणार हा?" नवऱ्याने विचारलं.

"इमानात घालीन. इमानात लई गार असतं."

ऑक्टोबरमध्ये एका कोरड्या दिवशी मी एकटीनेच झाडं काढली. उरलेली हिरवी फळं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरली, तशी ठेवली की घरात हळूहळू लाल होतात. काम संपत आलं तेव्हा कुंपणापलीकडून हाक आली.

"केटल ठेवलीय. आत येतेस का?"

एव्हाना लोकांच्या घरी जाता येत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. टेबलावर मेणकापड, खिडकीत कसलीशी रोपं, भिंतीवर जुना नकाशा, ज्यावर टपालाच्या वाटा लाल पेनाने काढलेल्या. चहा कडक होता. त्यांनी विचारलं तिकडे आता किती वाजले असतील. मी हिशोब करून सांगितलं, रात्रीचे साडेआठ.

"मग जागी असेल. लाव की फोन," त्या म्हणाल्या आणि केस नीट करून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.